फ्रेडी ऐकायचाय, पण सुरुवात कुठून करू?

ताई, नमस्कार. मी साताऱ्याचा. स्वतःची गाडी आहे, टुरिस्टचा धंदा करतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या फेऱ्या कायमच्याच. पाचगणीत शिरलं की हल्ली कुणी ना कुणी विचारतंच, फ्रेडी मर्क्युरीची शाळा कुठली? मी सेंट पीटर्सच्या गेटपाशी गाडी उभी करतो, ते फोटो काढतात. मध्यंतरी एक बाई गेटकडं बघून रडायलाच लागल्या. तेव्हापासून मनात राहिलंय. आपल्या जिल्ह्यात शिकून गेलेला माणूस, आणि मला त्याचं एक गाणं धड माहीत नाही. मोबाइलवर लावून बघितलं. एक गाणं पाय आपटून टाळ्या वाजवायचं, दुसरं पियानोवरचं हळवं, तिसरं सरळ डिस्को. हा एकच माणूस आहे का, हेच कळेना. पुतण्या म्हणतो, पिक्चर बघा, सगळं समजेल. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, त्यामुळं कान आहे. पण इंग्रजी बारावीपुरतं. सुरुवात कुठून करू? आणि गाडीत प्रवाशांसाठी काय लावू?
– एक गाडीवाला, सातारा

दादा, नमस्कार.

पेटीची गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी शेवटी लिहिलीत. मी तिथूनच सुरू करते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली तीच आहे.

फ्रेडी म्हणजे क्वीन या इंग्लंडच्या रॉक बँडचा गायक. जन्म झांझिबारचा, 5 सप्टेंबर 1946. घर पारशी, नाव फारुख बुलसारा. पाचगणीला तो आठेक वर्षांचा असताना आला. शाळेत पियानो शिकला. मुलांनी मिळून एक बँड काढला होता, ‘द हेक्टिक्स’. त्या बँडमध्ये पुढं उभं राहून गाणारा मुलगा दुसराच होता. फ्रेडी पियानोवर बसायचा. 1963 मध्ये तो झांझिबारला परतला, पुढच्या वर्षी तिथं क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. तुमच्या घाटातून खाली उतरून गेलेला मुलगा म्हणजे वाजवणारा मुलगा. जगानं त्याचा गळा, मिशी आणि स्टेजवरचा रुबाब पाहिला तो फार नंतर. माझं सांगणं एवढंच आहे की फ्रेडीला आधी चाल बांधणारा म्हणून ऐका. गळा काय, तो तुम्हाला आपोआप सापडेल. त्यासाठी कुणाचा सल्ला लागत नाही.

तुमचा गोंधळ झाला तो अगदी रास्त आहे. क्वीन या बँडमध्ये चार जण होते आणि चौघंही गाणी लिहायचे. फ्रेडी, गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर आणि बेसवर जॉन डीकन. पाय आपटायचं ते ‘वी विल रॉक यू’, ते ब्रायन मेचं. डिस्कोसारखं तुम्हाला जे लागलं ते बहुधा ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’, ते जॉन डीकनचं. मोबाइलनं तुम्हाला तीन माणसांची गाणी एका गळ्यात ऐकवली आणि तुम्हाला ते जाणवलं. कान असल्याशिवाय हे जाणवत नाही. तेव्हा पहिली सवय ही लावा: गाणं आवडलं की ते चौघांपैकी कुणाचं आहे ते बघायचं. 1989 च्या ‘द मिरॅकल’ अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या नावावर केली, पण त्याआधीच्या बहुतेक गाण्यांखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं.

याच कारणासाठी निवडक गाण्यांचे संग्रह सध्या बाजूला ठेवा. 1981 चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ जगभर तुफान खपला, वाईट अजिबात नाही, पण त्यात एकामागून एक उंचवटेच आहेत. तुमच्यासारख्याला त्यातून रचना करणारा माणूस हाती लागत नाही. ‘बोहेमियन रॅप्सडी’ हा फ्रेडीवरचा पिक्चरही नंतर बघा. करमणूक म्हणून चांगला आहे, मात्र कथेच्या सोयीसाठी त्यात क्रम फिरवलाय. ‘वी विल रॉक यू’ 1977 चं. पिक्चरमध्ये ते मिशीवाला फ्रेडी असताना, 1980 मध्ये तयार होताना दिसतं. गाणी आधी कानात बसली असतील तर असल्या गोष्टी तुम्हीच पकडाल.

आता सुरुवात. 1975 चा अल्बम, ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’. बारा गाणी, मिळून त्रेचाळीस मिनिटं. प्रवासी आणायला रिकामी गाडी घेऊन निघालात की सातारा सोडताना लावा, पाचवडला आत वळून वाईला पोचेपर्यंत संपतो. पसरणी घाट सुरू व्हायच्या आत बंद करायचा. हे संगीत गाडी चालवणाऱ्याचं लक्ष ओढून घेणारं आहे आणि त्या वळणांवर ते परवडत नाही, तुम्हाला मी काय सांगायचं. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं ऐका. फुकटच्या ॲपवर गाणी पुष्कळदा उलटसुलट लागतात, तसं होत असेल तर यूट्यूबवर बँडच्या अधिकृत चॅनेलवर जा आणि अल्बमच्या नावानं शोधा. आणखी एक, गाडीच्या स्टिरिओचा बॅलन्स मधोमध आहे ना ते बघून घ्या. एका बाजूचा स्पीकर बसलेला असेल तर आधी तो दुरुस्त करा, कारण या लोकांनी डावं-उजवं फार विचारानं वापरलंय. ‘द प्रॉफेट्स साँग’ नावाचं आठ मिनिटांहून मोठं गाणं आहे, ब्रायन मेचं. त्याच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि फ्रेडी एकटा गातो. त्याची ओळ टेपवरून थोड्या उशिरानं परत येते, तो त्याच ओळीवर पुढची ओळ गातो, मग तीही परत येते, आणि एकाच माणसाचे आवाज या कानातून त्या कानात एकमेकांवर चढत जातात. एका स्पीकरवर यातलं निम्मं वाया जातं.

या अल्बममध्ये तुमच्या धंद्याचंही एक गाणं आहे! ‘आय’म इन लव्ह विथ माय कार’, रॉजर टेलरचं, आणि गायलंयही त्यानंच. शेवटी खऱ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज आहे, त्याच्याच अल्फा रोमिओचा. ‘39’ हे ब्रायन मेचं, तेही त्यानं स्वतः गायलेलं. म्हणजे या अल्बममध्ये फ्रेडीचा गळा नसलेलीही गाणी आहेत. ती ओलांडून पुढं जाऊ नका. फ्रेडीची गाणी वेगळी का वाटतात ते याच गाण्यांच्या शेजारी ऐकून कळतं.

एकदोनदा पूर्ण ऐकून झालं की दुसऱ्या खेपेला फक्त फ्रेडीची गाणी ऐका. अल्बममध्ये त्याची पाच आहेत. ‘डेथ ऑन टू लेग्ज’मध्ये संताप आहे, उघडावाघडा. ते संपतं तोच ‘लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून’ येतं, जेमतेम मिनिटभराचं, जुन्या भोंग्यातून यावा तसा आवाज. तो आवाज यंत्रातल्या कुठल्या बटणाचा नव्हे. त्यांनी फ्रेडीचं गाणं हेडफोनमधून पत्र्याच्या डब्यात वाजवलं आणि पुन्हा माइकवर घेतलं. ‘सीसाइड राँदेव्हू’ नीट ऐका. मधे बँड वाजल्यासारखी फुंकवाद्यं ऐकू येतात, ती फ्रेडी आणि रॉजर टेलर यांनी तोंडानं काढली आहेत. नाचणाऱ्याच्या बुटांची टपटप येते, ती बोटांत शिवणकामाची टोपणं घालून स्टुडिओच्या टेबलावर वाजवलेली. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’मध्ये पियानोसोबत हार्प आहे, ब्रायन मेनं वाजवलेला. आणि पाचवं ‘बोहेमियन रॅप्सडी’.

या गाण्यासाठी घरी पेटी घेऊन बसा. काळी पाच धरा. सुरुवातीला वाद्य नाही, नुसते गळे, आणि ते सगळे एकट्या फ्रेडीचे, थरावर थर चढवलेले. मग पियानो येतो. उजव्या हाताचं चालू असताना फ्रेडी डावा हात त्याच्यावरून पलीकडे नेऊन वरचे सूर घेतो. स्टेजवरच्या चित्रीकरणात ते दिसतं; तुम्ही वाजवणारे आहात, तुमचं लक्ष तिथंच जाईल. इथवर तुम्ही काळी पाचवर निवांत असाल. पुढं षड्ज, म्हणजे सा, सरकतो. गिटार येईपर्यंत तो काळी दोनवर गेलेला असतो, आणि मग ऑपेराचा तो गोंगाट सुरू होतो तेव्हा एकदम पांढरी सहा. शेवटचा सूर संपतो तो पांढरी चारवर. गाणं निघालं त्या सुरावर ते संपत नाही. धृपदही नाही. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी, आणि धृपदासारखं पुन्हा पुन्हा धरून आणलेलं काही नाही. आपल्याकडच्या कानाला इथं चुकल्यासारखं होतं, कारण आपण धृपदावर परत यायची वाट बघत असतो. यात राग शोधू नका, षड्ज हलला म्हणून बेसूरही म्हणू नका. तो हलतो कुठं आणि हलवायच्या आधी फ्रेडी काय तयारी करतो, एवढंच पेटीवर शोधा. महिना लागला तरी चालेल. हे एक गाणं बोटांखाली आलं की बाकीच्या फ्रेडीचं निम्मं काम झालं.

इंग्रजीची काळजी मला फारशी वाटत नाही. ‘बोहेमियन रॅप्सडी’चा अर्थ फ्रेडीनं शेवटपर्यंत कुणाला सांगितला नाही, इंग्लंडातले लोकही आजतागायत तर्क करतात. त्यात ‘बिस्मिल्ला’ हा शब्द आहे, तो मात्र तुम्हाला त्यांच्याआधी कळेल. जानेवारी 1985 मध्ये रिओ दि जानेरोला क्वीनचा कार्यक्रम झाला. तिथली भाषा पोर्तुगीज, तरी ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ अख्खं मैदान गात होतं. त्याचं चित्रीकरण बघा. फ्रेडी गायचा थांबतो आणि लोकांना गाऊ देतो. पुढच्या वर्षी, जुलै 1986 मध्ये, बुडापेस्टला तो स्वतः हंगेरियन लोकगीत गायला. ती भाषा त्याला येत नव्हती, शब्द तळहातावर लिहून घेतले होते. म्हणून पहिल्या दोनतीन वेळा शब्दांच्या मागे लागू नका. नंतर ओळी समोर घेऊन बसा, अडलेले शब्द पुतण्याला विचारा. त्यालाही त्यानिमित्तानं गाणं नीट ऐकावं लागेल.

पुढचं गाणं तुम्हाला मंडळात नेता येईल असं आहे. ‘समबडी टू लव्ह’, 1976, अल्बम ‘अ डे ॲट द रेसेस’. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं सामुदायिक गाणं फ्रेडीला फार प्रिय होतं, अरीथा फ्रँकलिन या गायिकेचं विशेष. त्या धाटणीचं हे गाणं आहे. एकानं आळवायचं, बाकीच्यांनी उचलून धरायचं, बुवांनी पुन्हा वर न्यायचं, हे तुम्ही दर एकादशीला करता तेच. मागचा तो मोठा समुदाय खरं तर फ्रेडी, मे आणि टेलर असे तीनच गळे आहेत, पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून वाढवलेले. काळी चार धरा. सहा मात्रांचं वजन आहे, दादरा धरलात तर सुटणार नाही. आणि गाण्यात तो देवाला जाब विचारतोय, दिवसभर राबून दमलेल्या माणसाच्या तोंडून. मंडळातली मंडळी इंग्रजी गाणं म्हणून हसतील, त्यांना अर्थ सांगा आणि मग ऐकवा. अभंगात विठ्ठलाशी भांडणाऱ्यांना हे परकं वाटायचं कारण नाही.

एवढं झालं की मागं जा, 1974 च्या ‘क्वीन टू’कडे. त्या वेळी तबकड्या होत्या. तबकडीच्या दोन बाजूंना त्यांनी पांढरी आणि काळी अशी नावं दिली होती. पांढरी बाजू बहुतेक ब्रायन मेची, काळी संपूर्ण फ्रेडीची. सहा गाणी, ‘ओगर बॅटल’पासून ‘सेव्हन सीज ऑफ राय’पर्यंत, मधे श्वास घ्यायला जवळजवळ जागाच नाही. ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’ ऐकलंत की ‘बोहेमियन रॅप्सडी’ची तालीम वर्षभर आधीच झाली होती हे कळेल. माझ्या मते फ्रेडीचं सगळ्यात धाडसी काम हेच. पण यानं सुरुवात केली असती तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सोडून दिलं असतंत. फार दाट आहे. ‘किलर क्वीन’ त्याच वर्षीचं, ‘शीअर हार्ट अटॅक’ अल्बममधलं. तीन मिनिटांत बसवलेली इतकी नेटकी रचना त्यानंही पुन्हा फार वेळा केली नाही.

नंतरच्या वर्षांतून सध्या वेचून घ्या. ‘वी आर द चँपियन्स’ फ्रेडीचं, ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ फ्रेडीचं, ‘क्रेझी लिट्ल थिंग कॉल्ड लव्ह’ही त्याचंच. 1982 चा ‘हॉट स्पेस’ शेवटी ठेवा; त्यातलं डेव्हिड बोवीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ तेवढं आधी ऐका. त्याचा एकट्याचा ‘मिस्टर बॅड गाय’ही नंतर. ‘बार्सिलोना’ मात्र चुकवू नका. 1988 मध्ये मोन्सेरात काबाये या स्पॅनिश ऑपेरा गायिकेबरोबर केलेला अल्बम. ती रीतसर तालमीत तयार झालेली, हा रॉकमधला, आणि तिच्या शेजारी तो कुठंही कमी पडत नाही. नाट्यसंगीत कानावर पडलेल्याला हा चटकन जवळचा वाटतो.

गळ्याकडे आणि स्टेजकडे आता वळा. 13 जुलै 1985, लंडनचं वेम्ब्ली मैदान, लाइव्ह एड हा मदतनिधीसाठीचा कार्यक्रम. क्वीनला वीसेक मिनिटं मिळाली होती. सत्तर हजारांच्या आसपास लोक समोर. मधेच फ्रेडी वाद्यं थांबवून नुसत्या स्वरांची तान टाकतो, मैदान ती परत करतं, तो आणखी अवघड टाकतो. हे मोबाइलवर नका बघू, घरच्या टीव्हीवर लावा, सगळ्यांना बसवा.

फेब्रुवारी 1991 चा ‘इन्यूएन्डो’ सगळ्यात शेवटी ऐका, हे मी आग्रहानं सांगते. तेव्हा तो फार आजारी होता. एड्स झाल्याचं त्यानं 23 नोव्हेंबर 1991 ला जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्या काळात या आजाराचं नाव घेतलं की माणसं लांब सरकत, रोग्याला नावं ठेवत. जगभरच्या किती लोकांनी त्याच्यात स्वतःचं लपवलेलं दुःख पाहिलं असेल याची कल्पना करा. तुमच्या त्या प्रवासी बाईंना विचारू नका, पण शाळेच्या गेटपाशी लोकांचे डोळे का भरतात त्याचं एक कारण हे असू शकतं. ‘द शो मस्ट गो ऑन’ बहुतांशी ब्रायन मेनं लिहिलं, आणि अंगात बळ नसलेल्या फ्रेडीनं ते जसं गायलं तसं धडधाकट माणसालाही जमणं कठीण. मात्र इथून सुरुवात केलीत तर पुढचं प्रत्येक गाणं मरणाच्या बातमीतून ऐकाल. ‘सीसाइड राँदेव्हू’मध्ये तोंडानं बाजा वाजवणारा पोरगा आधी ओळखीचा होऊ दे.

शोधताना एक जपा. फ्रेडीनंतरही बँडचं नाव चालू आहे, आधी पॉल रॉजर्स आणि नंतर ॲडम लॅम्बर्ट यांच्यासोबत. दोघंही चांगले गायक आहेत, पण मोबाइलवर ‘क्वीन’ लिहिलं की तेही समोर येतात. साल बघून घ्यायचं: 1973 ते 1991, आणि त्याच्या मागं राहिलेल्या रेकॉर्डिंगमधून 1995 मध्ये आलेला ‘मेड इन हेवन’.

प्रवाशांसाठी म्हणाल तर पाचगणीला जाताना, वाईच्या अलीकडे, ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ किंवा ‘यू’आर माय बेस्ट फ्रेंड’ लावा. दुसरं जॉन डीकनचं आहे, पण लहानथोर सगळ्यांना चालतं. लावायच्या आधी विचारा, कुणाला झोप हवी असते. शाळेपाशी गाडी बाहेरच थांबवता ते बरोबरच करता. आत मुलं राहतात, शिकतात, परवानगीशिवाय कुणालाही आत सोडायला सांगू नका. आणि इथला फ्रेडी पियानोवर बसायचा, गायचा दुसराच मुलगा, एवढं जरी सांगितलंत तरी फोटोपुरते उतरलेले लोक दोन प्रश्न जास्त विचारतील.

‘क्वीन टू’पर्यंत पोचलात की पत्र टाका. काळ्या बाजूतलं कुठलं गाणं पेटीवर अडलं ते लिहा, त्यावर बोलू.